जॅझच्या जुन्या रेकॉर्ड आणि कधीच न निघालेली ध्वनिमुद्रणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला जॅझ आवडतं, पण घरात एकही रेकॉर्ड नाही. सुरुवात कुठून करू?

आधी भरपूर ऐका, मग एक धागा पकडा. एखादा वादक, एखादं लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), एखादं शहर किंवा पाचसहा वर्षांचा एखादा काळ घ्या. मी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा धागा पकडला. त्यानंतर दुकानात समोर शंभर रेकॉर्ड आल्या तरी माझे हात कुठे थांबायचे हे मला आपोआप कळायला लागलं. धागा नसला की स्वस्त मिळाली म्हणून घेतलेल्या रेकॉर्डनी कपाट भरतं, आणि त्यातल्या निम्म्या कधी वाजतही नाहीत.

जॅझची पहिली रेकॉर्ड म्हणून ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ने न्यूयॉर्कला फेब्रुवारी १९१७मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी वाजवलेली तबकडी धरतात. हा बँड गोऱ्या वादकांचा होता. न्यू ऑर्लीन्सच्या ज्या कृष्णवर्णीय वादकांनी हे संगीत घडवलं, त्यांच्यातल्या किंग ऑलिव्हरच्या बँडला रेकॉर्ड करायला एप्रिल १९२३ उजाडावं लागलं. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत होता, आणि गाडी गेली की वाजवणं थांबवावं लागे. त्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) वाजवणारा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला लुई आर्मस्ट्राँग. कुणाला रेकॉर्ड करायला मिळालं आणि कुणाला नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून या छंदाच्या बुडाशी आहे.

७८, ४५ आणि एलपी यांतलं नेमकं काय जमवावं?

७८ आणि ४५ म्हणजे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा, आणि एलपी म्हणजे जास्त वेळ वाजणारी ‘लाँग प्ले’ तबकडी. १९४८च्या आधीचं जॅझ मूळ रूपात हवं असेल तर ७८ला पर्याय नाही. त्या वर्षी कोलंबियाने एलपी आणली आणि पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ काढली. ७८वर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. त्या तीन मिनिटांत काय सांगायचं ते सांगण्याची शिस्त त्या काळच्या सगळ्या वादकांच्या हाडात भिनलेली होती.

७८ची तबकडी लाखेची असते, आणि ती लाख बहुतेक आपल्याच देशातून जायची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. लाखेचा पुरवठा युद्धामुळे आटला तेव्हा १९४२मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांची लाख कापली आणि लोकांकडून जुन्या रेकॉर्ड भंगारात गोळा केल्या. किती दुर्मिळ तबकड्या त्यात दळल्या गेल्या असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे कसले?

सगळ्यात महत्त्वाचं तेच. लेबलावर छापलेला क्रमांक विक्रीसाठीचा. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला किंवा ठसा मारलेला आकडा मॅट्रिक्सचा, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत कापलेल्या मूळ बाजूचा. त्याच्या पुढेमागे बहुधा टेकचा, म्हणजे तेच गाणं कितव्यांदा वाजवलं त्याचा, आकडा किंवा अक्षर असतं. एकच गाणं, एकच लेबल, एकच विक्री क्रमांक, पण एका तबकडीवर टेक १ आणि दुसरीवर टेक २ असं होतं. कारखान्यात पहिला साचा झिजला की कधी कधी दुसऱ्या टेकचा साचा लावत, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसे. जॅझमध्ये प्रत्येक टेकमधला सोलो वेगळा असतो, त्यामुळे ही तबकडी ‘तीच’ राहत नाही.

बघायची रीत अशी : तबकडी खिडकीपाशी न्या, छातीच्या उंचीवर आडवी धरा, आणि टॉर्चचा प्रकाश बाजूने, जवळजवळ तबकडीला समांतर टाका. वरून प्रकाश पडला तर काहीच दिसत नाही. बाजूने पडला की आकडे सावलीसह वर येतात. अंधुक असतील तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी.

एलपीवरही हेच. १९५०-६०च्या दशकातल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या एलपीवर त्या पट्ट्यात कानासारखी एक खूण असते. ते खरं म्हणजे प्लास्टीलाइट या छपाई कारखान्याचं वळणदार ‘पी’ अक्षर आहे. शिवाय ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ अशी अक्षरं असतात. १९६६मध्ये कंपनी विकली गेली आणि ‘कान’ गेला. कव्हर जुनं आणि आतली तबकडी नंतरची, अशी जोडी जुन्या बाजारात पुष्कळदा दिसते. म्हणून पैसे देण्याआधी तबकडी बाहेर काढून बघा.

‘अप्रकाशित’ म्हणजे नक्की काय?

हा शब्द आपण फार सैल वापरतो. निदान चार वेगवेगळ्या गोष्टी त्यात येतात.

पहिली म्हणजे स्टुडिओत रीतसर वाजवलं, कंपनीच्या वहीत नोंद झाली, पण रेकॉर्ड निघाली नाही. दुसरी, रेकॉर्ड निघाली पण बाकीचे टेक तसेच राहिले. तिसरी, रेडिओवरून थेट प्रसारण झालं आणि कुणीतरी ते तबकडीवर उतरवून घेतलं. चौथी, क्लबात किंवा घरी कुणी रसिकाने खाजगीत केलेलं ध्वनिमुद्रण.

माझा जीव तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात सगळ्यात जास्त अडकलेला आहे, आणि त्याला कारण आहे. १ ऑगस्ट १९४२ला अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. डेका कंपनीने १९४३मध्ये तडजोड केली, पण व्हिक्टर आणि कोलंबियाशी समझोता व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या त्याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या क्लबांतून बीबॉप ही जॅझची नवी शैली आकार घेत होती. बाजारातल्या रेकॉर्ड लावून ऐकलं तर असं वाटतं की हे संगीत एका रात्रीत आभाळातून पडलं. ते कसं वाढलं हे कळायचं तर रसिकांनी स्वतः कापलेल्या तबकड्यांकडेच जावं लागतं. जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी १९४१मध्ये आपलं तबकडी कापायचं यंत्र उचलून हार्लेमच्या मिंटन्स क्लबात जायचा. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन तिथे मोकळेपणी किती लांब सोलो वाजवायचा, हे आज आपल्याला माहीत आहे ते त्याच्यामुळे. ख्रिश्चन पुढच्याच वर्षी क्षयाने गेला.

इतकं चांगलं वाजवलेलं कंपन्यांनी काढलं का नाही?

कधी पैसा नव्हता, कधी त्याच वादकाची आधीची एलपी खपली नव्हती, कधी एखाद्याची चूक मालकाला खटकली, कधी वर्षभरात काढायच्या रेकॉर्डचा कोटा संपला. वाजवणं वाईट होतं म्हणून मागे ठेवलं असं फार थोड्या वेळा आढळतं.

टीना ब्रूक्सचं उदाहरण मी नेहमी देतो. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा हा माणूस. १९५८ ते १९६१ या काळात ब्लू नोटसाठी त्याने स्वतःच्या नावावर चार सत्रं केली. तो हयात असताना त्यातलं एकच बाजारात आलं. दुसऱ्या एकाला तर विक्री क्रमांकही मिळाला होता, तरी ते निघालं नाही. १९७४मध्ये, बेचाळिशीत तो गेला. पुढे मायकल कस्कुना यांनी ब्लू नोटच्या तिजोरीतल्या टेप एकेक ऐकून, जुन्या नोंदींशी ताडून हा सगळा ठेवा बाहेर काढला. त्यांनी आणि चार्ली लूरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोझेक ही कंपनी काढली ती अशाच कामासाठी. ब्रूक्सची चारही सत्रं १९८५मध्ये त्यांनी एका पेटीत आणली. ती पेटी ऐकताना आनंद होतो आणि गळाही दाटून येतो, कारण हे ऐकायला तो नव्हता.

मग अप्रकाशित ध्वनिमुद्रण शोधायचं कसं?

कागदापासून. आधी डिस्कोग्राफी बघा, म्हणजे कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, कोणत्या मॅट्रिक्सवर काय वाजवलं याची सूची. फ्रान्सच्या शार्ल दलोने यांनी १९३६मध्ये जॅझची अशी सूची छापली. पुढे इंग्लंडच्या ब्रायन रस्ट यांनी १९४२पर्यंतच्या जॅझ रेकॉर्डची नोंद जन्मभर घासूनपुसून नीट केली. या सूच्यांत मॅट्रिक्सचे आकडे ओळीने लावा. मध्ये एखादा आकडा गाळलेला दिसला की तिथे काहीतरी वाजवलं गेलं होतं. ते नापास झालं, हरवलं, की कुठे पडून आहे, हा पुढचा शोध.

मग माणसं. वादक, त्यांची बायकामुलं, ध्वनिमुद्रक, रेडिओतले तंत्रज्ञ. बहुतेक मोठे शोध घरातल्या पेट्यांत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत लागले आहेत.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ६ मार्च १९६३ला केलेलं सत्र घ्या. त्याची कंपनीकडची मूळ टेप नाहीशी झाली. पण कोल्ट्रेनने ऐकण्यासाठी एक मोनो टेप घरी नेली होती. ती त्याची पहिली पत्नी नाइमा हिच्या कुटुंबाकडे राहिली, आणि २०१८मध्ये तिच्यावरून रेकॉर्ड निघाली. न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात १९६१मध्ये कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी एकत्र वाजवत होते. तिथल्या तंत्रज्ञाने नवी ध्वनियंत्रणा तपासायला एका मायक्रोफोनवर टेप केली. ती सार्वजनिक ग्रंथालयात गेली, हरवली, आणि बॉब डिलनचं काही शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती लागली. २०२३मध्ये ती निघाली.

पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन यांच्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या २९ नोव्हेंबर १९५७च्या मैफलीची गोष्ट मला सगळ्यात शिकवून गेली. ती ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकन सरकारी रेडिओने टेप केली होती. टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सुरक्षित होती, कुणी चोरली नव्हती, कुणी लपवली नव्हती. २००५च्या सुरुवातीला लॅरी ॲपलबॉम हे तिथले तज्ज्ञ जुन्या टेपचं डिजिटल रूपांतर करत होते, तेव्हा एका डब्यावर त्यांना ‘टी. मंक’ असं लिहिलेलं दिसलं. जवळजवळ अर्धशतक ही मैफल सापडली नाही, कारण डब्यावर कोल्ट्रेनचं नावच नव्हतं. तुमच्याकडे टेप असेल तर आज उठा आणि डब्यावर तारीख, जागा आणि सगळ्या वादकांची नावं लिहा. ढोलकवाल्याचंसुद्धा.

बडी बोल्डनचा सिलिंडर खरंच आहे का?

न्यू ऑर्लीन्सच्या या कॉर्नेटवादकाने १८९०च्या दशकाच्या अखेरीस मेणाच्या सिलिंडरवर (तबकडीआधीच्या ध्वनिमुद्रणाच्या नळीवर) वाजवलं, असं त्याच्या बँडमधल्या विली कॉर्निशने सांगितलं होतं. १९०७मध्ये बोल्डनला मनोरुग्णालयात ठेवलं, १९३१मध्ये तो तिथेच वारला. सिलिंडर आजवर सापडलेला नाही. कुणी विकायला आणला तर पैसे देऊ नका.

पार्करच्या मागे टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारा तो माणूस खरा की दंतकथा?

खरा. डीन बेनेडेटी, स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. १९४७-४८मध्ये लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याने पार्करला आधी तबकड्यांवर आणि मग कागदी टेपवर उतरवलं. पार्करचा सोलो सुरू झाला की यंत्र चालू, संपला की बंद. बाकीच्यांचं वाजवणं त्याने घेतलंच नाही, कारण त्याला पार्करचा अभ्यास करायचा होता आणि सामान महाग होतं. १९५७मध्ये तो इटलीत वारला. तबकड्या आणि टेप भावाकडे राहिल्या, आणि जग समजत होतं की त्या गेल्या. १९९०मध्ये मोझेकने त्या ७ सीडींत काढल्या. तुकडे तुकडे आहेत, खरखर आहे. मला ते कुठल्याही चकचकीत स्टुडिओ रेकॉर्डइतकेच प्रिय आहेत.

आपल्याकडे, मुंबई-गोव्यात काही सापडण्याची शक्यता आहे का?

आहे, आणि इथे शोधणारे हात फार कमी आहेत.

१९३५मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड १९२०च्या दशकात शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात होता. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६मध्ये मुंबईत रेक्स लेबलसाठी रेकॉर्ड केल्या. वेदरफर्डने पुढे कलकत्त्यात कोलंबियासाठी बरंच वाजवलं आणि १९४५मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. या रेकॉर्डसाठी परदेशातले संग्राहक वाट बघत असतात.

या अमेरिकनांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं शिकली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली असल्याने त्यांचा हात तयार होता. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे तो वाजवायचा. भगवानदादांचा १९५१चा ‘अलबेला’ पुन्हा लावा आणि ‘दीवाना ये परवाना’मध्ये वाद्यं वाजवणाऱ्यांकडे बघा. तो तिथे आपल्या बँडसह उभा आहे. दिवसा सिनेमाचा स्टुडिओ आणि रात्री हॉटेलातला जॅझ, असं या मंडळींचं आयुष्य होतं. सिनेमाचं उरलं, रात्रीचं बहुतेक हवेत विरलं.

बहुतेक, सगळं नाही. माझगावच्या एका घरात मला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टेपची पाच इंची स्पूल मिळाली. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, ‘लग्नाची आहे, माझ्या दिराच्या.’ अर्धा भाग भाषणं आणि टाळ्या. मग एकदम बँड सुरू होतो, आणि कुणीतरी टेनरवर असा सोलो घेतो की मी खुर्चीवरून उठलो. कोण वाजवतंय ते बाईंना आठवेना. मी तीच स्पूल घेऊन गिरगाव-धोबीतलावच्या जुन्या वादकांकडे गेलो. तीन जणांनी तीन नावं सांगितली. माझ्या वहीत तिन्ही नावं आहेत, कुणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी, त्यासह. गोव्यातली घरं, मुंबईतले गावकऱ्यांचे क्लब म्हणजे कूड, जुन्या वादकांची कुटुंबं, इथे विचारत राहा. १९७८पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरायची. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्या रात्रींच्या कॅसेट कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या ऐकायला मी रात्री-बेरात्रीही येईन.

चोरबाजार, जुना बाजार इथे अजून मिळतात का?

मिळतात, पण हिंदी सिनेमाच्या शंभरांमागे एखादी. मुंबईत मटन स्ट्रीटला शुक्रवारी पहाटे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात. ‘इंग्लिश’ म्हणून वेगळा गठ्ठा ठेवलेला असतो, तो अख्खा बघा. पार्लोफोन आणि एचएमव्हीची इथे छापलेली जॅझ ७८ त्यात निघतात. इथे, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, छापलेल्या तबकडीला अमेरिकन पहिल्या छापाचा भाव येत नाही, पण अदलाबदलीत तिला मागणी असते. विक्रेत्याशी घासाघीस जरूर करा, मात्र त्याला फसवू नका. दुर्मिळ रेकॉर्ड पन्नास रुपयांत लाटली तर पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी काही राखून ठेवणार नाही.

रेकॉर्डची प्रत, म्हणजे दर्जा, कशी ठरवायची?

डोळ्यांनी आणि कानांनी, दोन्ही. विक्रीच्या किंवा अदलाबदलीच्या यादीत लिहिताना तुम्हाला वाटते त्यापेक्षा प्रत एक पायरी खाली लिहा. चीर असेल तर किती लांब, सुईला लागते की नाही, तेही लिहा. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईने झिजलेली तबकडी वरून चमकते आणि मोठ्या आवाजाच्या जागी चिरकते. चमक बघून प्रत ठरवू नका.

अदलाबदलीचे काही नियम आहेत का?

लिहिलेले नाहीत, पण सगळे पाळतात. रेकॉर्डला रेकॉर्ड, किंवा ध्वनिमुद्रणाला ध्वनिमुद्रण. टेपच्या काळात प्रत्येक नकलेगणिक आवाज बिघडायचा, म्हणून ‘मूळापासून कितवी नक्कल’ हे सांगणं सक्तीचं होतं. आता फ्लॅक फाइल (आवाज न गमावणारी) द्या, एमपीथ्री नको. वेग दुरुस्त केला, खरखर काढली, सुरुवात कापली, जे केलं ते लिहा, आणि मूळ फाइल न बदलता जवळ ठेवा. कुणी ‘पुढे देऊ नका’ म्हणून दिलं असेल तर देऊ नका. खाजगी देवघेवीत मिळालेलं पैशांना विकणं याला मी चोरीच म्हणतो.

तबकडी पाठवताना ती दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, ते पुठ्ठे मऊ कागदात, आणि सगळं मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी निदान दोन इंच मोकळी जागा भरून. एका विक्रेत्याने मला १९४६ची पार्करची ७८ नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली. पार्सल हातात घेतल्याबरोबर आतून टाइल्स खुळखुळल्यासारखा आवाज आला. तीन तुकडे मी अजून जपून ठेवले आहेत.

घरी एक जड, काळी, हाताने लिहिलेल्या लेबलाची तबकडी सापडली. वाजवून बघू का?

नका, थांबा. ती बहुधा ‘ॲसिटेट’ असेल. नाव ॲसिटेट, पण खरं तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटचा मऊ लेप असतो. युद्धकाळात ॲल्युमिनियम मिळेना तेव्हा खाली काच वापरली, ती हातातून सुटली की संपली. भोकाच्या कडेला धातू किंवा काच दिसते का बघा. प्रत्येक वाजवण्यात ती झिजते, आणि ग्रामोफोनची पोलादी सुई तिला एका फेरीत नांगरून काढते. पांढरी तेलकट भुकटी दिसली तर ती बुरशी नसून लेपातलं एरंडेल विघटित झाल्याची खूण आहे. लेप आकसून पापुद्रे निघायला लागले तर वेळ थोडा आहे. जाणकार तंत्रज्ञाकडून एकदाच, नीट, डिजिटल उतरवून घ्या. सोळा इंची रेडिओ तबकडी असेल तर ती कधी कधी आतून बाहेर वाजते, हेही लक्षात असू द्या. बिल सेव्हरी या तंत्रज्ञाने १९३०च्या दशकात रेडिओवरून कापलेल्या तबकड्या २०१०मध्ये हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाला मिळाल्या. शंभराहून अधिक तासांचं संगीत होतं, तरी काही तबकड्या तोवर हाताबाहेर गेल्या होत्या.

साफसफाई आणि पावसाळा?

७८वर स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतो ना, तोच चपडा तुमच्या तबकडीत आहे. थोडं ऊर्ध्वपातित पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून. तबकड्या उभ्या ठेवा. भिंतीला लागून कपाट नको. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा प्रत्येक कव्हर उघडून वारा द्या. ७८साठी सुईही वेगळी लागते, कारण खोबण एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते.

हे सगळं कायद्यात बसतं का?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने १९२३च्या रेकॉर्ड १ जानेवारी २०२४ला मुक्त झाल्या, म्हणजे ऑलिव्हरच्या त्या जेनेट तबकड्याही. मात्र १९७२पूर्वीची जी ध्वनिमुद्रणं कधी प्रकाशितच झाली नाहीत, ती तिथे फेब्रुवारी २०६७पर्यंत संरक्षित आहेत. जपणं, ऐकणं, अभ्यासकाला दाखवणं वेगळं, आणि विकायला काढणं वेगळं. काढायचंच असेल तर वादकांच्या वारसांना गाठा आणि त्यांचे पैसे त्यांना द्या.

आजोबांच्या रेकॉर्ड आहेत. फोटो पाठवले तर सांगाल का?

आनंदाने. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो सरळ वरून काढा. गुळगुळीत पट्ट्यातल्या आकड्यांचा फोटो टॉर्च आडवी धरून काढा. पाकिटावर दुकानाचा शिक्का असेल तर त्याचाही, आणि आत चिठ्ठी, बिल, जत्रेचं तिकीट, जे काही असेल ते जागच्या जागी ठेवून. आजोबा काय करायचे, कुठे राहायचे, कुठल्या हॉटेलात किंवा बोटीवर वाजवायचे का, हे चार ओळींत लिहा. आणि फोटो काढण्याआधी काहीही पुसू नका.